सगळ्यांची बहीण

तिसरीला शिकवणाऱ्या बाई रोज एकदा तरी चुकत. फळ्यावर सात आठे चोपन्न लिहीत, खडू खाली ठेवत आणि निवांत खिडकीबाहेर बघत राहत. आधी वर्गात कुजबुज व्हायची. मग एखादं पोर अर्धवट उभं राहून म्हणायचं, "बाई, छप्पन्न ना?"

"छप्पन्न कसे? मला नाही पटत."

मग एरवी फळ्याजवळ यायचं म्हटलं की पोटात दुखणारं ते पोर तरातरा पुढे यायचं, आठ-आठ टिंबांच्या सात रांगा काढायचं आणि बाईंना मोजून दाखवायचं. बाई शेवटच्या टिंबापर्यंत हुज्जत घालत. हरल्या की कपाळावर हात मारून घेत, आणि सगळा वर्ग बाकं बडवून आरोळ्या ठोकायचा. शाळाभर त्यांचं नाव 'चुकणाऱ्या बाई' असंच पडलं होतं.

एकदा एका मुलीचे वडील तक्रार घेऊन आले. ते डॉक्टर होते, घाईत होते. "मुलगी घरी सांगते, आमच्या बाईंना पाढे येत नाहीत. एवढी नावाजलेली खासगी शाळा, आणि हे काय?"

"तिला येतात ना?" बाईंनी विचारलं.

"तिला येतात हो, पण—"

"मग झालं तर. दोघींपैकी एकीला आले म्हणजे पुरे."

डॉक्टर हसले की चिडले ते त्यांचं त्यांनाच कळलं नसावं. ते निघून गेले. पण ही चुकायची कला बाईंच्या पदरची नव्हती. ती त्यांच्या ताईची होती.

बाईंच्या वडिलांची लाँड्री होती. खाली बॉयलर, धुण्याचे हौद, इस्त्रीची लांब टेबलं. वर दोन खोल्यांत घर. हॉस्पिटलच्या चादरी आणि हॉटेलांचे टेबलक्लॉथ तिथे धुवायला येत. भिंतींना कायम ओल धरलेली असायची आणि घरातल्या प्रत्येकाच्या अंगाला साबणाचा वास यायचा. ताई आठ वर्षांनी मोठी. बाई म्हणजे छोटी. घरात तिला दुसरं नावच नव्हतं. शाळेतून आल्यावर दोघी बहिणींनी चादरींच्या घड्या घालायच्या. एकीनं एक टोक धरायचं, दुसरीनं दुसरं, चादर ताणायची, झटकायची आणि एकमेकींकडे चालत यायचं. मधे गाठ पडली की ताई प्रत्येक वेळी छोटीच्या नाकाला नाक लावायची. ढीग मोठा असला की नाकं लाल व्हायची.

छोटीला वाचता येत नव्हतं. अक्षरं तिच्यासमोर जागेवर थांबतच नसत. शाळेतल्या मास्तरांनी वडिलांना सांगून टाकलं होतं, "हिला दुकानातच बसवा. शिक्षण हिच्या डोक्यात शिरायचं नाही." दुसऱ्या दिवसापासून वडिलांनी तिला बटणं लावायला शिकवायला घेतलं होतं.

त्याच आठवड्यात ताई गोष्टीचं पुस्तक घेऊन तिच्याशेजारी बसली आणि मोठ्यानं वाचू लागली, "मग माकडानं टोपी खाल्ली आणि केळं डोक्यावर घातलं."

"ए, असं नसेल," छोटी म्हणाली.

"असंच लिहिलंय. तू मोठी शहाणी! दाखव कुठे चुकले ते."

दाखवायचं तर अक्षराखाली बोट ठेवायला लागायचं. छोटीनं बोट ठेवलं. 'के' सापडायला तिला खूप वेळ लागला, पण ताई घाईत नव्हती. रोज ताई नवीन काहीतरी वेडंवाकडं वाचायची आणि हट्टानं तेच खरं म्हणायची. तिला खोटं पाडण्याच्या नादात एके दिवशी छोटीनं अख्खं पान वाचून काढलं, आणि मग दोघींच्या लक्षात आलं की हे पान छोटीनं वाचलंय. ताई तिला उचलून जिन्यावरून खाली धावत गेली आणि वडिलांसमोर तिला पुन्हा ते पान वाचायला लावलं. वडिलांनी ऐकलं आणि बटणांचा डबा उचलून वरच्या फळीवर ठेवून दिला.

संध्याकाळी बॉयलर बंद झाला की सगळे हात पुसून प्रार्थनेला बसत. आईला पाठ होतं ते ती म्हणायची, वडील मधेमधे पेंगायचे. छोटी एक डोळा किलकिला करून ताईकडे बघायची. ताईचा चेहरा अशा वेळी पलीकडचं कुणी बोलतंय आणि ही ऐकतेय असा दिसायचा. छोटीला वाटायचं, देव असणार, कारण ताई त्याचं ऐकतेय. तिची सगळी श्रद्धा एवढ्यावरच उभी होती.

मग ताईनं सांगितलं, तिला भगिनीसंघात जायचं आहे. व्रत घ्यायचं, करडी वस्त्रं घालायची, संघ पाठवेल तिथे जाऊन आजाऱ्यांची, म्हाताऱ्यांची, पोरक्यांची सेवा करायची. संघात सगळ्या एकमेकींना आणि बाहेरचे सगळे त्यांना भगिनी म्हणत. मागची नाती दारात ठेवून आत जायचं असा नियम होता. भेट नाही, पत्र नाही.

वडील इस्त्री हातात धरून उभेच राहिले. आईनं मायेनं, रागानं, सगळ्या तऱ्हांनी सांगून पाहिलं. छोटी तेव्हा चौदा वर्षांची होती. ती एवढंच म्हणाली, "मग चादरीचं दुसरं टोक कोण धरणार?"

ताई हसली, आणि लगेच पाठ फिरवून भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. तिचे खांदे हलताना छोटीला दिसले. तरीही ती गेलीच.

त्यानंतर छोटी देवाशी बोलेनाशी झाली. तो नाही असं तिला कधी वाटलं नाही. पण घरात न विचारता येऊन थोरल्या बहिणीला घेऊन जाणारा आणि पुन्हा माहेरी न पाठवणारा भावोजी जसा डोळ्यांत सलतो, तसा तो तिला सलू लागला. ती शिकली, शिक्षिका झाली. सरकारी शाळेत नोकरी मिळत होती, तीही चांगली. ती सोडून तिनं शहराच्या दुसऱ्या टोकाची खासगी शाळा धरली. लोकांना वाटलं, नाव मोठं म्हणून. खरं कारण तिनं फक्त नवऱ्याला सांगितलं होतं. ती शाळा भगिनीसंघ चालवायचा. अधूनमधून कुठून कुठून भगिनी शाळा बघायला येत. आज ना उद्या त्यांच्यात ताई असेल.

रोज सकाळी सभागृहात प्रार्थना व्हायची. बाई ती खणखणीत आवाजात सांगत, कारण ते त्यांचं काम होतं. पाहुण्या भगिनी आल्या की बाईंचे डोळे आधी त्यांच्या पायांकडे जात. ताई डावा पाय जरा बाहेर टाकून चालायची. किती भगिनी आल्या आणि गेल्या, तसा पाय कुणाचा नव्हता. वडील गेले, लाँड्री विकली, मग आई गेली. दोन्ही वेळा संघाकडून निरोप आला की भगिनींनी तिथूनच प्रार्थना केली आहे. आई गेल्यावर 'छोटी' म्हणून हाक मारणारं कुणी उरलं नाही.

बाईंच्या केसांत चांगली रुपेरी झाक आल्यावर शाळेला नवीन मुख्याध्यापिका आल्या. वयानं बाईंपेक्षा बऱ्याच लहान, संघातल्या नव्हत्या, पण उत्साही. शाळेच्या वेबसाइटवर प्रत्येक शिक्षकाबद्दल चार ओळी टाकायच्या असं त्यांनी ठरवलं. त्यांची पार्श्वभूमी, त्यांची श्रद्धा, शिकवण्यामागचा त्यांचा विचार. शिक्षकांच्या खोलीत दोन दिवस दुसरा विषय नव्हता. चित्रकलेच्या सरांनी 'मुले म्हणजे फुले' लिहिलं आणि चौघांनी ते जसंच्या तसं उचललं. खेळाचे सर म्हणाले, "माझी श्रद्धा शिट्टीवर. ती वाजली की सगळे थांबतात. देवाचं एवढं कोण ऐकतं?"

बाईंनी काहीच दिलं नाही, तेव्हा मुख्याध्यापिकांनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं आणि स्वतःच लॅपटॉप पुढे ओढला.

"तुम्ही नुसतं सांगा, मी टाइप करते. पार्श्वभूमी?"

"वडिलांची लाँड्री होती."

"छान. श्रद्धा?"

"आहे. पण आमचं बोलणं बंद आहे."

"कुणाचं?"

"माझं आणि देवाचं."

मुख्याध्यापिकांची बोटं थांबली. त्यांनी लॅपटॉप मिटला आणि चहा मागवला. नवऱ्याखेरीज कुणाला सांगितलं नव्हतं ते बाईंनी चहा पिता पिता सांगितलं. लाँड्री, माकड, भिंतीकडे केलेलं तोंड, सगळं. मुख्याध्यापिका ऐकत राहिल्या. मग संकोचून म्हणाल्या, "बाई, भेटायचा नियम तर केव्हाच बदललाय. मी इथे यायच्याही आधी. आता भगिनी घरच्यांना भेटू शकतात, फोन करू शकतात. तुम्हाला कुणी सांगितलं नाही?"

बाईंनी कप बशीत ठेवला. सांगायला हवं होतं ते एकाच माणसानं.

मुख्याध्यापिकांनी संघाच्या कार्यालयात फोन लावून पत्ता काढला. बसनं अर्ध्या दिवसाच्या अंतरावर, एका लहान गावाबाहेर, संघाचं म्हाताऱ्यांसाठीचं घर होतं. ताई तिथे होती.

बाईंचा नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. आयुष्यभर अडकलेल्या माणसांना धीर द्यायची त्याला सवय होती. "मी येऊ बरोबर?" त्यानं विचारलं.

"नको."

"बरं. मग वर बसलेल्या माझ्या साडूला नमस्कार सांग," तो म्हणाला, आणि बाईंना त्याही अवस्थेत हसू आलं.

बाईंनी जाताना लोकरीचे मोजे विणून नेले. ताईचे पाय बारा महिने गार असायचे.

ते एक बैठं, लांबट घर होतं. व्हरांड्यात लोखंडी खाटा, धुतलेली फरशी, औषधांचा वास. शेवटच्या खाटेवर एक म्हातारी उशांना टेकून बसली होती. तिच्या दोन्ही डोळ्यांवर पडदा आला होता. तिच्याजवळ स्टुलावर बसून एक भगिनी तिला चमच्यानं मऊ भात भरवत होती आणि म्हणत होती, "हा घास कसला गं आजी? काल म्हणालीस गोड होता."

"खारट," म्हातारी म्हणाली.

"नाही, गोडच. माझंच खरं."

म्हातारी चिडून पुढचा घास मागत होती, ताईला खोटं पाडायला. बाई व्हरांड्याच्या खांबाला धरून उभ्या राहिल्या. ओळखायला पाय बघावे लागले नाहीत. पन्नाशी ओलांडलेल्या, नवरा असलेल्या, अख्खा वर्ग सांभाळणाऱ्या त्या बाईंना एका बोळक्या म्हातारीचा हेवा वाटला.

ताईनं वर पाहिलं. वाटी खाली ठेवली, हात पुसले, उठून पुढे आली. चेहरा उजळला होता, तोच, म्हातारीशी बोलताना होता तोच.

"आलात? फोन आला होता. कशा आहात तुम्ही? प्रवास फार झाला असेल. बसा."

बाईंना वाटलं, आपल्यामागे दुसरं कुणीतरी उभं आहे. त्यांनी मागे वळूनही पाहिलं.

दोघी आवारातल्या बाकावर बसल्या. बाईंनी मोजे दिले. ताईनं ते गालाला लावून पाहिले, "फार छान विणलेत," म्हणाली, उठली, व्हरांड्यात गेली आणि म्हातारीच्या पायांत चढवून आली. "त्यांचे पाय फार गार पडतात," ती परत येऊन बसत म्हणाली.

"मी तुझ्यासाठी आणले होते."

"हो."

"ताई, मला अहो-जाहो नको ना गं करूस."

"सवय झाली. इथे आम्ही सगळ्यांनाच—"

"त्या म्हातारीला अगं म्हणालीस!"

"ती रागावते नाहीतर." ताई हसली. ते हसू मात्र जुनं होतं.

"मग मीही रागावते. मी सगळ्यांतली नाहीये. नियम बदलला तेव्हा तू एक फोन करायचा होतास. आई होती तेव्हा. तुझी वाट बघत जिन्याचं दार उघडं ठेवायची ती."

ताईनं आपल्या हातांकडे पाहिलं. तिच्या बोटांची सालं निघाली होती, लाँड्रीत आईची निघायची तशी.

"मी देवाकडे एकच मागितलं होतं," ती हळू म्हणाली. "मला सगळे सारखे होऊ देत. आपलं-परकं राहू नये. लोकांना वाटतं, वस्त्रं घातली की होतं. नाही होत. आधी बाबा सारखे झाले. मग आई झाली, तीही झाली. नियम बदलला तेव्हा एकच जण राहिली होती फक्त. फोन केला असता तर सगळं पुन्हा पहिल्यापासून..." ती थांबली. "सगळ्यांत शेवटी तू सारखी झालीस. तुम्ही."

ताईनं त्यांच्या डोक्यावर हात ठेवला, आशीर्वाद देतात तसा, अलगद. मग आत घंटा झाली आणि ती उठली. डावा पाय जरा बाहेर टाकत व्हरांड्यात गेली.

घरी नवऱ्यानं विचारलं, "काय म्हणाली?"

"'तू' म्हणाली," बाई म्हणाल्या. "एकदा. चुकून." आणि उशीत तोंड घालून रडल्या. पुष्कळ वर्षांचं रडू होतं, ते एका बैठकीत संपलं नाही.

पण सोमवारी शाळा होती. बाईंच्या वर्गात एक मुलगी होती, तिच्या बुटाची नाडी रोज सुटायची. सुटायची म्हणजे तीच सोडायची. बाईंनी ते केव्हाच पाहिलं होतं. शाळा सुटताना सगळ्यांत मागे राहून ती पाय पुढे करायची आणि बाई गुडघ्यांवर बसून बांधून द्यायच्या. त्या सोमवारी नाडी बांधून घेता घेता तिनं विचारलं, "बाई, मी तुमची आवडती आहे का?"

हा प्रश्न नवा नव्हता. पोरं विचारतातच, आणि बाईंचं उत्तर ठरलेलं होतं. मला सगळे सारखेच आवडतात. वर्षानुवर्षं हे वाक्य त्या मोठ्या अभिमानानं सांगत आल्या होत्या. आज ते ओठांपर्यंत आलं आणि त्यांना स्वतःच्याच कानांनी ऐकू आलं. समोरच्या चिमुकल्या चेहऱ्यावर ते कसं पडेल, ते त्यांना परवाच कळलं होतं.

"हो," त्या तिच्या कानात म्हणाल्या. "तूच. पण कुणाला सांगायचं नाही हं."

मुलगी श्वास रोखून उभी राहिली आणि मग धावत सुटली. बाई खोटं बोलल्या नव्हत्या. त्या घटकेला, गुडघ्यांवर बसलेल्या असताना, त्यांना जगात दुसरं मूल दिसत नव्हतं.

पुढच्या आठवड्यात दप्तर विसरून रडणाऱ्या मुलाच्या बाबतीत तेच झालं. मग डॉक्टरांच्या मुलीच्या. एकेकाची वेळ आली की बाईंना तेच मूल सगळ्यांहून जवळचं वाटायचं आणि त्या तसं सांगायच्या. वर्षअखेरीला अख्खा वर्ग छाती फुगवून एकच गुपित सांभाळत होता आणि बाकीच्यांची मनातल्या मनात कीव करत होता.

एका पालकसभेत ते मुख्याध्यापिकांच्या कानावर आलं. "बाई, निम्म्या आया मला हळूच सांगून गेल्या, आमचं मूल बाईंचं सगळ्यांत लाडकं. हे काय चाललंय?"

"तुम्हाला माझ्या शिकवण्यामागचा विचार हवा होता ना," बाई म्हणाल्या. "लिहा. सगळ्यांवर सारखी माया करणं मला जमत नाही. मी एकेकावर जास्त करते."

"आणि श्रद्धा?"

"बोलणं सुरू झालंय. म्हणजे भांडण सुरू झालंय. मी त्याला सांगितलंय, तुझंही असंच असू दे. सगळे सारखे नकोत. ताईवर तरी तुझी जास्त माया असू दे, तिनं सगळं तुला दिलंय."

मुख्याध्यापिकांनी यातलं काय टाइप केलं ते बाईंनी कधी बघितलं नाही.

सुट्टी लागली तशी बाई पुन्हा त्या गावाची बस धरून गेल्या. आता त्यांना काही मागायचं नव्हतं. ताईजवळ बसायचं, तिनं अहो म्हटलं तरी चालेल, एवढंच मनात घेऊन गेल्या. व्हरांड्यात एक तरुण भगिनी फरशी पुसत होती. ती उभी राहिली.

"त्यांची बदली झाली. महिना झाला असेल. फार लांब पाठवलंय, समुद्रापलीकडे. आमच्याकडे आधी सांगत नाहीत. तुम्ही त्यांच्या...?"

"बहीण," बाई म्हणाल्या.

तरुण भगिनीला त्यातलं काय समजलं कोण जाणे. तिथे सगळ्याच बहिणी होत्या. "थोडं बसा," ती म्हणाली. "पाणी आणते."

बाई बसल्या नाहीत. शेवटच्या खाटेवरची म्हातारी आवाजाच्या दिशेनं मान वळवून बघत होती. पडदा आलेल्या डोळ्यांना काय दिसणार? पण आवाज दोघी बहिणींचा आईसारखा, एकाच ठशाचा होता.

"आलीस का गं?" म्हातारी म्हणाली. "कुठे गेली होतीस मला टाकून? या पोरी भरवतात, पण नुसता चमचा तोंडात घालतात. भांडत नाहीत."

तरुण भगिनी घाईनं पुढे झाली. "आजी, या त्या नव्हेत—"

बाईंनी मानेनंच तिला थांबवलं. म्हातारीलाही कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी स्टूल ओढून घेतलं, खाटेजवळ झाकून ठेवलेली भाताची वाटी उचलली आणि पहिला चमचा भरला.

"जरा काम होतं गं," त्या म्हणाल्या. "हं, तोंड उघड. आज भात आंबट आहे."

"आंबट कसा? काहीतरीच!"

"आंबटच. खाऊन बघ."

म्हातारीनं घास घेतला, बराच वेळ तोंडात घोळवला आणि समाधानानं मान हलवली. "खारट आहे," ती म्हणाली. मग अंधारात चाचपडावं तसा हात पुढे करून तिनं बाईंचं मनगट पकडलं. "लगेच जाणार नाहीस ना?"

"बस संध्याकाळची आहे," बाई म्हणाल्या. "तोवर आहे मी."